सुरी लागेपर्यंत

दिवाडीच्या धक्क्यावर फेरीबोटीची जीभ आपटली.
आवाज नेहमीचाच. पण व्हॅनमध्ये मागे
फळीला धरून उकिडवा बसलेलो मी,
माझ्या तळहातांना कळलं:
मधल्या मजल्याला तडा गेला.

तीन मजले. शेंड्यावर साखरेची दोन बुटकी माणसं,
त्यातल्या नवऱ्याचा एक बूट रायबंदरलाच गळालेला.
आर्मिंदा बाय पुढच्या सीटवर डोळे मिटून
एकेका संताला हाक मारत होती. मध्येच थांबली.
"पुंडलीक, कितें जालें?"
काही नाही, म्हटलं. बोटभर.

कुठलं बोट, ते तिने विचारलं नाही.

हॉलच्या मागे, मासळी धुवायच्या खोलीत
मी माझा डबा उघडला. जेवणाचा नव्हे, दुसरा.
जुनी ब्लेडं, दोन ब्रश, वाफेवर धरायचा चमचा,
ओल्या फडक्यात गुंडाळलेलं आयसिंग
आणि सोळा गुलाब, आदल्या रात्रीच करून ठेवलेले,
कारण गुलाब लागतातच.

मयेला आमची चित्रशाळा होती.
आषाढात माती यायची, श्रावणात तडे.
बाबा तड्यावर कधी चिडले नाहीत.
सुकते ती आकसणारच, म्हणायचे,
आणि खिळ्याने तीच भेग आणखी रुंद करायचे.
मला वाटायचं, म्हाताऱ्याला दिसत नाही.
वरवर लिंपलेली भेग
चवथीच्या आदल्या रात्री सोंडेवर परत येते,
हे मला माझ्या हातची एक मूर्ती वाया घालवून कळलं.
एक मात्र होतं. डोळे लिहून झाले
की ते ब्रश धुवून उलटे टांगत.
मग कुठे टवका उडाला तरी हात लावत नसत.
आता ती आपली नव्हे.

केकला डोळे नसतात. सुरी असते.
तोवर माझं राज्य.

ब्लेडने तडा उघडला.
आतून रमचा वास आला, एक काळा मनुका घरंगळला,
तो मी खाल्ला.
काजूचं माझपांव मळून आत दाबलं,
वरून आयसिंग, ऊन चमच्याची पाठ फिरवून.
पण कालचं पांढरं आणि आजचं पांढरं
सख्खे भाऊ असले तरी तोंडं वेगळी.
आचाऱ्याच्या कपातला चहा, एक थेंब,
आजच्या पांढऱ्यात कालवला. मग जुळलं.
तरी त्यावर पंधरा गुलाब.
नवऱ्याचा बूट लवंगेचा केला.

ठरलं होतं, ती बाजू भिंतीकडे.
मी स्वतः ठेवून आलो, भिंतीकडे.
फोटोवाला आला, डोकं तिरपं करून म्हणाला,
हिकडे फुलां चड आसात,
आणि दोन पोरांना हाताशी घेऊन
अख्खा केक फिरवला.
आर्मिंदा बायने माझ्याकडे पाहिलं.
मी छताकडे.

म्हणजे आता ज्युसेलच्या लग्नाच्या अल्बममध्ये
पहिल्या पानापासून माझा तडा आहे,
मांडवीच्या पाण्यासारखा शांत, चहाच्या रंगाचा,
आणि सगळे हसताहेत.

टोस्ट झाला. बँडवाल्याने ढोल घुमवला.
सुरी कुठे उतरली ते मी पाहिलं नाही.
मी डबा पुसत होतो,
ब्लेड, चमचा, ब्रश. ब्रश उलटे ठेवले.
नंतर एक पोरगा दारातून गेला,
त्याच्या बशीत माझपांवचा जाडजूड गोळा,
त्याला वाटत होतं लॉटरी लागली.

परतीच्या फेरीवर अंधार होता.
आर्मिंदा बाय पाकिटातले पैसे मोजून झोपली.
डब्यात एक गुलाब उरलेला,
तो मी दोर सोडणाऱ्या पोराला दिला.
त्याने दिव्याखाली धरून उलटसुलट पाहिला.
"खावपाचो," त्याने विचारलं,
"काय दवरपाचो?"