मूठभर जुनं घरटं

औलूमध्ये डिसेंबरात दुपारी दोनलाच काळोख होतो.
आमच्या तळघरात त्याच्याही आधी होतो,
सकाळी सातला, घड्याळ लावून:
दिवे बंद, फक्त मिणमिणता लाल उजेड,
म्हणजे आम्ही कामावर असताना
उंदरांची रात्र असावी, आणि ते जागे असावेत.

एकतीस वर्षं मी त्यांना शेपटीला धरून उचललं.
माझ्या गुरूंनी तसंच शिकवलं होतं, त्यांना त्यांच्या गुरूंनी.
अंगठा, तर्जनी, झटका, तराजू.
वहीत लिहायचो: वाण घाबरट. आकडे विखुरलेले.
का विखुरलेले, हे मी
आकड्यांनाच विचारत बसलो.

मग राइया केम्पाइनेन आली.
आधी टपालखात्यात होती. बर्फावर घसरून गुडघा गेला,
म्हणून बसून करण्यासारखं काम हवं होतं तिला
(बसलेली मी तिला कधी पाहिली नाही).
पहिल्याच दिवशी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून
तिनं लोकरी मोज्यात कोंबला.
"तुला नुसती किणकिण वाटते, एस्को.
त्यांना त्याच्या वरचंही ऐकू येतं.
आपले कान संपतात तिथून पुढचं."

पिंजरे बदलायच्या दिवशी आम्ही सगळं चकाचक करायचो.
नवा भुसा, नवा कागद, कशालाच कसला वास नाही,
आणि मग रात्रभर मारामाऱ्या.
ती जुन्या घरट्यातला मूठभर चुरा
नव्या पिंजऱ्यात आधी ठेवते.
"घर बदललं तरी पत्ता राहू दे की."

बावीस अंश. आम्ही स्वेटरात.
तिनं विचारलं, "यांचं काय?"
आणि कागदाच्या पट्ट्यांचे गठ्ठे मागवले.
खर्चाच्या कागदावर मी कुरकुरत सही केली.
दुसऱ्या दिवशी प्रत्येक पिंजऱ्यात एक घुमट,
आत पाच जण एकमेकांवर रचलेले,
नुसते श्वास.

आणि ती नळी. लाल, पारदर्शक, वीतभर.
पिंजऱ्यात आडवी ठेवायची आणि थांबायचं.
मला थांबणं जमेना.
"अरे, दार वाजवलंस ना? मग त्यांना येऊ दे."
बत्तीस नंबरची मादी आली, हुंगून मागे गेली,
पुन्हा आली, आत शिरली.
राइयानं नळी उचलून माझ्या ओंजळीत तिरकी केली.

जीव मुठीत धरून, असं आपण घाबरलेल्याबद्दल म्हणतो.
माझ्या मुठीत एकतीस वर्षं
कुणाकुणाचा जीव होता, आणि मी
त्याचं फक्त वजन करत होतो.
बत्तीस नंबरनं माझ्या तळहातावर बसून
तोंड धुतलं. आधी नाक, मग कान.

भिंतीवर तिनं चेहऱ्यांचा तक्ता लावलाय:
डोळे किती मिटलेले, कान किती मागे वळलेले,
गाल किती फुगलेले. दुखतंय, थोडं दुखतंय, नाही.
एका संध्याकाळी मी माझ्या जुन्या पारदर्शिका काढल्या,
प्रबंधातल्या, ज्यांच्यावर मला पदवी मिळाली.
खिडकीशी धरून एकेक पाहिली.
तक्त्याची गरज पडली नाही.

आकडे आता पूर्वीपेक्षा जवळ जवळ पडतात.
लोक विचारतात तेव्हा मी हेच कारण सांगतो.
हे कारण लोकांना पटतं.

बत्तीस नंबरचा गुरुवार होता.
तिला दुसरीकडे नेलं नाही; तिच्याच पिंजऱ्यात,
तिच्याच घुमटात, हळूहळू.
राइया शेवटपर्यंत उभी होती, दुखऱ्या गुडघ्यावर.
मी म्हणालो, "निदान घाबरली तरी नाही."
ती म्हणाली, "ते आपल्याला नक्की माहीत नाही,"
आणि पिंजऱ्यावरचं कार्ड काढून घेतलं.

घरी आलो. चहा केला.
पुडी दोऱ्याला धरून कपातून वर काढली.
ती लोंबकळली, गरगर फिरली,
ठिबकत राहिली.
मी दुसरा हात खाली धरला.
पोळला. धरून ठेवला.