डावी बाजू

आरटीओसमोरच्या झेरॉक्सवाल्याने
वीस रुपयांत पुस्तिका दिली,
तीही झेरॉक्सची झेरॉक्स.
लाल वर्तुळ, निळं वर्तुळ, सगळं राखाडी.
म्हणून काल दुपारी कूलरसमोर पाय पसरून
शेजारच्या मृण्मयीचे स्केचपेन घेऊन बसले
आणि एकेका खुणेत रंग भरला.
मनाई लाल. हुकूम निळा.
"काकू, रेषेबाहेर जाऊन राहिला तुमचा रंग," पोरगी म्हणाली.
जाऊ दे म्हटलं,
कागदावर चलान फाटत नाही.

एकावन्न वर्षांतली सत्तावीस
यांच्या मागे एका अंगाने बसून गेली.
पदर खोचलेला, मांडीवर पिशवी,
एक हात सीटमागच्या दांडीला.
तांडापेठेतून निघालं की गोळीबार चौक,
अग्रसेन चौक, मेयो, स्टेशन, मग बर्डी.
या शहराची डावी बाजू मला पाठ आहे:
कुठल्या शटरला गंज, कुठल्या रसवंतीचं घुंगरू बसकं,
कोणत्या दुकानात आता मालकाचा जावई बसतो.
उजवी पाहिली ती परतताना,
दिवे लागल्यावर, अर्धी डुलकीत.
आणि समोर तर यांचा शर्ट.
ब्रेक लागला की खांदा पाठीवर आदळायचा,
तेवढीच मला रहदारीची माहिती.

डॉक्टरांनी दिवाळीनंतर गाडी बंद करायला सांगितली.
काचबिंदू. कडेकडेनं विझत येते म्हणे नजर.
मी किल्ली मागितली नव्हती.
यांनीच एका सकाळी ती
देव्हाऱ्यात हळदीच्या करंड्याजवळ ठेवली
आणि पेपर उघडून बसले.

आता रात्री जेवणं आटोपली की परीक्षा घेतात माझी.
भिंग धरून, पान नाकाला लावून.
"डोंगरी रस्त्यावर आधी कोणाले जाऊ द्यावं?"
चढणाऱ्याला.
"काहून?"
काहून म्हणजे? पुस्तकात आहे.
"आपल्याकडे चढ म्हणजे टेकडीचा गणपती. तिथं तर माणूस पायीच जाते."
"बरं, धुक्यात कोणते दिवे?"
बाहेर साडेदहा वाजले तरी
पारा पस्तिसाच्या खाली यायला तयार नाही.
कूलरमधलं पाणी संपून नुसता वारा खडखडतो.
हसू येतं दोघांनाही.
"पिवळा दिवा लागला तर?"
थांबायची तयारी.
"चूक. जोरात काढाची."
मी पुस्तिका ओढून घेते, उत्तर दाखवते.
हे भिंग पुढे-मागे करत राहतात.
"मंग माझं लायसन कसं बनलं?"
तुमचं लायसन तुमच्या मामेभावाने आणून दिलं होतं,
पानठेल्यावर, दोन फोटो घेऊन.
हे उठून पाणी पितात.
बराच वेळ पितात.

एकतिसावा प्रश्न यांनी विचारलाच नाही.
पाहिलं मी, दोन पानं एकदम उलटली.
सकाळी पोळ्या झाल्यावर कणकेच्या हाताने
तेच पान उघडलं:
पांढरी काठी घेतलेली व्यक्ती
रस्ता ओलांडत असल्यास चालकाने काय करावे?
हॉर्न वाजवून पुढे जावे.
वेग कमी करावा.
काठी हीच थांबण्याची खूण समजून गाडी थांबवावी.
या प्रश्नाला चित्र नव्हतं,
रंग भरायला काही नव्हतं.
तिसऱ्यासमोर पेन्सिलीने टिक केली,
हलकी,
आणि पान मिटताना
त्यावर कणीक लागली.

उद्या साडेअकराची वेळ.
पंधरा प्रश्न, नऊ बरोबर पाहिजेत.
आधार, फोटो, चष्मा पर्समध्ये टाकून ठेवला.
हे म्हणाले, मी येतो सोबत,
कम्प्युटरवाल्या खोलीत येऊ देणार नाहीत,
बाहेर बसतो.
ऑटो सांगून ठेवला आहे.
मी उजवीकडे बसेन, म्हटलं.
"तिकडून काय दिसते? नुसते समोरून येणारे."

दिसू द्या.