दखल

नोव्हेंबरात योएन्सूला दुपारी तीनलाच दिवे लागतात.
बसमधून उतरलो तेव्हा खिशात निळ्या मखमलीची डबी होती
आणि फाइलीत साडेतीन ओळींचं मानपत्र,
त्यातल्या दीड ओळीवर काळी पट्टी.

हिल्का तुरुनेन, वय सत्त्याण्णव,
वृद्धाश्रमाच्या जेवणघरात खिडकीजवळ.
डाव्या कानाने काहीच ऐकू येत नाही तिला,
उजव्याने हवं तेवढंच.
कुणी वेलचीचा पाव ठेवला, कॉफी ठेवली,
शेजारच्या टेबलावर पत्त्यांचा डाव थांबला.
मी उभं राहून वाचलं : 'उल्लेखनीय सेवेबद्दल'
मग पट्टी आली. मी खोकलो.
मग 'कृतज्ञ राष्ट्र' आलं.
सहा-सात जणांनी टाळ्या वाजवल्या.

"त्याचं नाव आहे का त्यात?"
"कुणाचं?"
"लंगड्याचं."

अठ्ठ्याहत्तर वर्षं या कानाची खबर
त्या कानाला लागू दिली नव्हती तिने.
नवरा गेला तो ही टपालखात्यात होती असं समजून.
आता बोलली, तेही पाव कुस्करत,
हवामान सांगावं तसं.

एकोणीस वर्षांची होती. जंगलातली लाकडी खोली,
रात्रपाळी, कानांवर दाबलेले हेडफोन,
आणि सरहद्दीपलीकडची कडकट्ट कडकट्ट.
पाच-पाच अक्षरांचे गट उतरून घ्यायचे, बस्स.
अर्थ दुसऱ्या इमारतीत लागायचा.
पण हात कळायचे.
पायरीवरच्या पावलावरून कळतं ना, घरात कोण आलं?
एकाचा लघु ठणठणीत,
गुरू मात्र किंचित मागे राहायचा, पाय ओढल्यासारखा.
त्यांनी खुणा बदलल्या, वेळा बदलल्या, लहरी बदलल्या.
चाल कशी बदलणार?
"हाच तो," ती म्हणायची,
आणि कुणीतरी नकाशावर पेन्सिल टेकवायचं.

निरोप संपला की तो दोन टिंबं जास्तीची वाजवायचा.
कुणासाठी नाही. घसा साफ करावा तशी.
"मला वाटायचं, तिकडेही थंडी आहे."

मग जूनमधली एक रात्र,
जिला रात्र म्हणायचं ते केवळ घड्याळामुळे.
चार दिवस हरवलेला तो हात तिने ओळखला,
नव्याच दिशेला.
दुपारी विमानं गेली. सवयीने मोजली तिने :
अकरा गेली, अकरा परतली.
त्या रात्री ठरल्या वेळी लहर उघडी, आणि नुसती खरखर.
तिसऱ्या रात्री कुणी नवा आला,
स्वच्छ, भरभर, शाळेत शिकवतात तसा.
मेजरने खांद्यावर थोपटलं, साखरेची पुडी दिली.
"पदक तेव्हाच मिळालं," ती म्हणाली.
"बहिणीने त्याचा मुरांबा केला. मी खाल्ला."

मी डबी उघडली.
स्वेटरची लोकर जाड, टाचण लागेना.
तिने ते माझ्या हातातून घेतलं, उलटं केलं
आणि कडेने टेबलावर वाजवू लागली.
लघु. लघु. मग एक गुरू,
ओढत, ओढत.
बशीतला चमचा थरथरला.
मला ती लिपी येत नाही.
आमच्याकडे पडदे आहेत, आलेख आहेत;
हात नसतो कुणालाच.
पत्तेवाल्याने मान वर केली.
शेवटी दोन टिंबं.

मग ती गार झालेली कॉफी प्यायली.
पदक रुमालात गुंडाळलं
आणि विचारलं, बसला किती वेळ आहे.

अहवालात लिहिलं : पदक प्रदान केले, १५.४०.
खाली 'शेरा' असा एक रकाना असतो.
पेन तिथे बराच वेळ धरून ठेवलं.
पुढच्या सीटवर ड्रायव्हर चाकावर बोटं वाजवत होता.
करंगळी त्याची जरा उशिरा पडते.