खिशात काय?

गुरुवारी रात्री साडेआठला मिरजेत
आमच्या बोळातली कुत्रीसुद्धा भुंकत नसत.
टीव्ही एकच, सतारीच्या तारा ओढणाऱ्या गुलाबचाचांकडे.
दाराबाहेर चपलांचा ढीग, आत आम्ही,
आणि पडद्यावर रघुवीर तांबवेकर.
वाक्य संपलं की उजवा तळवा पुढे:
‘द्या टाळी!’
आम्ही खरंच द्यायचो. काच गरम लागायची.

मग पाच गुरुवार
त्या वेळेला मत्स्यपालन.
सहाव्या गुरुवारी तो आला, भर मे महिन्यात
कोट घालून.
उजवा हात खिशात.
मेहुणी विचारते, ‘भावोजी, खिशात काय?’
तो म्हणतो, ‘नाही सांगणार.’
हशा.

मग गावभर तेच.
कुणी म्हणे भडंग, कुणी म्हणे उंदीर,
पोस्टमनची पैज सासऱ्याच्या मृत्युपत्रावर.
वर्गात पोरं हात खिशात घालून बसायची,
बाईंनी हजेरी घेतली तरी काढायची नाहीत.

मला माहीत होतं.

तो कोट आमचाच. नदाफ टेलर्स.
मिशन हॉस्पिटलमधून रिक्षात घालून आणलं होतं त्यांना.
अब्बांनी मापं घेतली, नेहमीसारखी मोठ्यानं आकडे सांगत,
उजव्या बाहीशी मात्र आवाज उतरला.
खिसा खोल हवा. तोंडाशी आतून पट्टी,
हात घसरून लोंबायला नको.
मुंबईहून आलेला माणूस म्हणाला, ‘बाहेर कळता कामा नये हं.’
अब्बा म्हणाले, ‘शिंप्याला सगळ्यांची पोटं माहीत असतात, साहेब.
आजवर कुणाचं सांगितलं?’
काजं मी केली. अकरा वर्षांची होते.
दोन वाकडी गेली, ती दिसायची मला पडद्यावर.

भावोजी हळूहळू खुर्चीतून उठेनासे झाले.
आधी पेपर, मग पाट्यावरची उशी, मग मांडीवर कुणाचं तरी बाळ.
जीभही अडखळायला लागली तेव्हा
कुणीतरी एक ओळ लिहिली:
‘भावोजी साताऱ्याला गेलेत, पुतण्याकडे.’
त्यावरही हशा होता.
का, ते मला अजून समजलेलं नाही.

कसला सातारा!
ते आमच्या दुकानात होते, आतल्या बाकावर,
माझ्या बटणांच्या डब्यातून
उजव्या हातानं एकेक बटण उचलत.
सकाळभरात सहा.
सहावं निसटून मशीनखाली गेलं की अब्बा पाय थांबवायचे,
वाकून शोधायचे, आणि परत डब्यात टाकायचे.
कुणी काही बोलायचं नाही.

कोट पुढच्या दिवाळीला परत आला, उसवायला.
कापड चांगलं होतं, भाच्याला बेतलं असतं.
पट्टी मी काढली.
तळाशी भाजके शेंगदाणे. सतरा.

म्हणजे तिथे दिव्यांखाली,
मेहुणी विचारत असताना,
लोक हसत असताना,
आत बोटं कामाला होती.

तिघांची सालं निघालेली.
चौथ्याचं अर्धं.