कुणाचा गुडघा?

छापखान्याच्या अर्जावर 'लेखकाचा परिचय',
खाली चार ओळींची जागा.
पदवी. संस्था. आधीची पुस्तकं.
मी लिहिलं: एकवीस वर्षं टपाल, टॉडमॉर्डन,
नदीकाठच्या गल्ल्या आणि वरचा चढ,
आणि पेनाला टोपण लावलं.

पाणी मला नवीन नव्हतं. मी चिपळूणची.
पूर आधी मोरीतून येतो, मग दारातून,
हे कळायला विद्यापीठ लागत नाही,
धान्याचे डबे माळ्यावर चढवावे लागतात, बस.
इथेही तसंच. कॅल्डर नदी
पुलाखालून जाताना मान खाली घालते,
आणि एखाद्या डिसेंबरात ती वर करते.
पत्रं टाकायला वाकलं की दिसायची
दाराच्या फटीखाली पुसट तपकिरी रेघ,
कुठे रंगाखाली दबलेली, कुठे रंगातून वर आलेली,
घराघराला करगोटा बांधल्यासारखी.

वहीत मांडत गेले.
नऊ नंबर, गुडघाभर.
अकरा, मांडीभर.
बेकरी, कंबरेच्या वर, पिठाची पोती गेली.
अशा सात वह्या.

पहिल्यांदा वाचून दाखवलं वाचनालयात,
खुर्च्या वीस, माणसं नऊ, एक कुत्रा.
जलखात्यातून निवृत्त झालेल्या विल्फ्रेड हॉर्सफॉलनी
हात वर केला, अगदी सौम्यपणे विचारलं,
"गुडघाभर म्हणता. कुणाचा गुडघा?"

लोक हसले. मीही हसले.
घरी जाताना चढावर मात्र रडू आलं,
कारण प्रश्न बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी साडेचार पौंडांची टेप आणली
आणि तीच दारं पुन्हा वाजवली,
या वेळी हातात कुणाचंच पत्र नसताना.
टपालवालीला चहा विचारतात,
टेपवालीला आधी कारण.
विमेवाल्यांनी पाठवलंय का तुम्हाला?
घराची किंमत पडेल, आमचं नाव नको.
नाव नाही घातलं. त्या घराला पुस्तकात
नुसतं 'लाल दार' म्हटलं,
आणि महिन्याभरात त्यांनी दार निळं केलं.

ऑलिव्ह क्रॅबट्री म्हणाल्या, तिसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं.
तिसरी पायरी रस्त्यापासून मोजली, आकडा लिहिला,
पुस्तक आलं. दोनशे प्रती, माझ्याच पेन्शनच्या,
जिन्याखाली रचलेल्या.
मग त्यांचा मुलगा सहज बोलून गेला,
पुरानंतर जमीन उंच करून घेतली ना आम्ही,
खालची पायरी तिच्यात गेली.

म्हणजे तेव्हाची तिसरी ती आजची दुसरी.
एकोणीस सेंटीमीटर पाणी
मी माझ्या पदरचं ओतलं होतं.

कुणाला कळलं नसतं.
चिठ्ठ्या छापून आणल्या: पान त्रेसष्ट,
आकडा चुकला, माझ्याकडून, तो असा.
दोनशे चिठ्ठ्या, गोंदाची बाटली,
स्वयंपाकघराच्या टेबलावर दोन रात्री.
कुठल्या तरी प्रतीत
माझ्या हळदीच्या बोटाचा ठसा असणार.

हॉर्सफॉलनी उभ्याउभ्या आधी ती चिठ्ठी वाचली,
मग पुस्तक विकत घेतलं. बोलले काही नाहीत.
आठवड्याने एक खोकं दारात ठेवून गेले,
चाळीस वर्षांच्या नोंदी,
वर पेन्सिलीत: तपासून घ्या, मीही चुकतो.

आता दुसऱ्या आवृत्तीचा अर्ज समोर आहे.
लेखकाचा परिचय, त्याच चार ओळी.
'टपाल' लिहून झालंय. पुढे काय,
म्हणून पेनाचं टोक चावत बसले होते
तर दार वाजलं.
बाहेर एक अनोळखी बाई, मूल कडेवर,
पुस्तक काखेत, पान दुमडून धरलेलं.
"आमचं घर तुम्ही चुकीचं लिहिलंय."

टेप दारामागच्या खुंटीलाच असते.
मी बूट घातले.