गरिष्ठ

चार वाजेपर्यंत लग्नपत्रिका बेळगावात छापखान्याला पाठवायची होती.
केबलची वायर पहाटे उसाच्या ट्रॉलीनं ओढून नेलेली,
म्हणून मोबाईल दाराशी ठेवला, हॉटस्पॉट लावला,
आणि लॅपटॉप म्हणाला, इथं कोणच नाही.

बेकिनकेऱ्यात हे नवीन नाही.
दुकानात बसल्या बसल्या आमचा फोन परमुलखात जातो.
महिपाळगडाकडचा टॉवर जोरात असला की
वरच्या पट्टीवर रोमिंगची खूण उगवते
आणि मी तर खुर्चीतून हललेलोही नसतो.
रोमिंगला परवानगी दिली.
विमान चढवलं, उतरवलं.
सांबऱ्याला न जाता दिवसातून चारदा मी हे करतो.

फोन गोकाकच्या माणसाकडून घेतलेला, आतली भाषा कन्नड.
बदलता आली असती,
खरं शाळेत शिकलेलं कुठंतरी वापरावं की.
बसच्या पाट्या वाचतो तसा वाचतो,
एकेक अक्षर हाताला धरून रस्ता ओलांडत.

लॅपटॉप जुना. पाच गीगाहर्ट्झचं त्याला ऐकू येत नाही.
बँड खाली आणला, दोन पूर्णांक चारवर,
तेव्हा यादीत नाव आलं : लुमाण्णा झेरॉक्स.
पासवर्ड घातला.
गोल फिरलं. फिरलं.
जोडता येत नाही.

बॅटरी बचत काढली.
लॅपटॉपला म्हटलं, विसर याला,
आणि नव्यानं दोघांची ओळख करून दिली.
तसंच.

पत्रिका तयार होऊन पडलेली. डावीकडं मराठी, उजवीकडं कन्नड.
भरमू माझा चुलतभाऊ, सहना संकेश्वरची.
दोन्हीकडच्या मामांना आपापली भाषा वर पाहिजे होती,
शेजारी शेजारी बसवल्या तेव्हा मिटलं,
म्हणजे अजून उजवीकडं तीन ओळी जास्त आहेत,
ते आमच्याकडं कुणी मोजलेलं नाही.

साडेतीनला सहनाचाच फोन.
"अण्णा, गेली काय पत्रिका?"
नाही म्हणालो, आणि सेटिंगमधलं सगळं तिला वाचून दाखवलं,
मास्तर समोर असल्यासारखं, चुकत.
एका ओळीवर ती थांबली. "परत म्हणा?"
गरिष्ठ साधनगळु, एक.

ती ओळ मी सकाळपासून तीनदा ओलांडलेली.
गरिष्ठ म्हणजे आपल्यात पचायला जड,
आतेच्या हातचे डिंकाचे लाडू.
फोनला काहीतरी जड जात असेल, म्हटलं, आपण कशाला बोला.

ती हसली.
घरात पाऊल पडायच्या आधी तिचं हसू आमच्याकडं आलं.
"गरिष्ठ अंदरे जास्तीत जास्त, अण्णा.
एकालाच आत घेतोय तुमचा फोन.
कोण बसलंय आत?"

भिंतीपलीकडं ओमू बसलेला.
परीक्षेच्या वेळी पासवर्ड मीच दिला होता त्याला.
आता बैलांची शर्यत बघत होता, आवाज बंद करून.

त्याला उठवलं नाही.
एकाचे तीन केले, उळिसि दाबलं.
लॅपटॉप आत आला, जसा काही दारातच उभा होता.
चाराला सहा मिनिटं असताना पत्रिका गेली.

लगेच छापखान्याचा उलटा निरोप :
कन्नड बाजू कोणी तपासली?

कोणीच नाही.
सहनाला परत फोन लावला. ती वाचत गेली, सावकाश,
मी डावीकडच्या ओळींवर बोट ठेवून ऐकत राहिलो,
कुठला शब्द आपल्यासारखा दिसून तिकडं वेगळंच बोलतोय.
दोन सापडले.
तिसऱ्याला ती अडली, म्हणाली, थांबा, आईला विचारतो,
आणि त्या शांततेत भिंतीपलीकडून ओमू ओरडला,
"काका, अडकायला लागलं की!"