तीन रात्री, लिस्बन

चार रात्रींच्या आम्ही तीन केल्या.
फिलोमिनाच्या गुडघ्यामुळे नव्हे;
गुडघा चालतो, म्हणते ती, पैसे चालत नाहीत.
वही माझी. मागच्या बाजूने अजून
दुधाचा हिशेब, दोन हजार एकोणीसचा.
पुढच्या बाजूने मी लिहिलं 'लिस्बन'
आणि खाली दोन रेघा मारल्या,
शाळेत उत्तराखाली मारायचो तशा.

प्रभादेवीच्या एक्स्चेंजमध्ये आम्ही शेजारी बसायचो,
एकतीस वर्षं, कानांवर तेच काळं कडं.
त्यामुळे हे शहर मला ऐकून माहीत आहे.
माहीमचे एक डिमेलो होते,
महिन्याच्या पहिल्या रविवारी कॉल बुक करायचे,
पलीकडे धाकटा भाऊ.
आईचं औषध, छपराची कौलं, पुन्हा आईचं औषध.
'तीन मिनिटं झाली, वाढवू का?'
मी विचारायचे, आणि दोघेही गप्प व्हायचे.
गप्प बसण्याचेही पैसे पडायचे तेव्हा.
त्या गप्पपणात मागे एक घंटा वाजायची,
जाड, जरा उशिराने,
कुणी जिना चढून येऊन वाजवल्यासारखी.

ती घंटा कुठली, ते बघायचं आहे मला.
हे फिलोमिनाला सांगितलेलं नाही.
म्हणेल, घंटेपायी एक लाख ऐंशी हजार?

तिची यादी वेगळी.
पिवळी ट्राम, एकदा खालून वर, एकदा वरून खाली.
निळ्या फरशांचं म्युझियम.
अंड्याची ती गोड वाटी, जिथे पहिल्यांदा भाजली तिथेच.
शहर सात टेकड्यांवर आहे, मी वाचून दाखवलं.
'अगो, आपली सात बेटं बुजवली,
त्यांच्या टेकड्या राहिल्या का?'
भाषेची काळजी तिला नाहीच.
पाव आहे, परात आहे, साबण आहे, चावी आहे,
हरवलीस तर मोठ्याने 'बटाटा' म्हण,
कुणीतरी घरी नेऊन जेवायला घालेल.
पगार मात्र, ती म्हणाली, त्यांच्यात म्हणजे देणं.
आपल्यात म्हणजे मिळणं.
'तेही उशिरा,' मी म्हटलं,
आणि आम्ही बराच वेळ हसलो,
कॅन्टीनमध्ये हसायचो तशा, तोंडावर पदर नि ओढणी.

फोटोवाल्याने हसू दिलं नाही.
हनुवटी खाली, कान दिसू द्या, चष्मा काढा.
चष्म्याशिवाय आम्हाला कॅमेराच दिसेना,
दोघी दोन वेगवेगळ्या भिंतींकडे बघतोय.

मग ते अर्जातलं कलम:
परत येणार याचा पुरावा जोडा.
मी पेन्शनचं पुस्तक काढलं, घराचं वीजबिल,
मुदत ठेवीची पावती, ती तर मुलीच्या नावावर.
नोकरी नाही, नवरा नाही, शेत कधी नव्हतंच.
इतकी वर्षं लोकांना लोकांशी जोडून दिलं,
आणि मला कशाशी जोडलंय, ते
कागदावर सापडेना.
फिलोमिना म्हणाली, लिही:
सिलिंडर बुक केलाय.
लिही: खिडकीत मोगऱ्याच्या दोन कुंड्या.
लिही: नाताळच्या कलकलांना पीठ मीच मळते,
गल्लीत विचारा.
मी लिहिलं: पर्यटन. तीन रात्री. परतीचं तिकीट सोबत.

आत्ता इथे रात्रीचे साडेदहा,
तिथे पाच.
ऑपरेटरच्या बोटांना घड्याळ लागत नाही.

शुक्रवार भरला, शनिवार खचाखच,
सोमवारी दुपारी विमान.
रविवार सकाळ मी कोरी ठेवली.
'इथे काय?' तिने बोट ठेवून विचारलं.
काही नाही, म्हटलं, सहज.
तिने माझ्या हातातलं पेन घेतलं,
जरा वेळ माझ्याकडे बघितलं,
आणि तिच्या तिरक्या अक्षरात लिहिलं:
मिस्सा. दोघी.
खाली, कंसात: गुडघ्याचा पट्टा विसरू नये.